पोचवणाऱ्याचा शिक्का

आई मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सॅक्रामेंटोला आली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी पोस्टमन माझी सही घेऊन एक पुठ्ठ्याचं पार्सल देऊन गेला. मी ते उभ्या उभ्याच फोडलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं एक पिवळट पाकीट बाहेर काढलं आणि खिडकीपाशी जाऊन बघत बसले. आई मेथी निवडत होती. चष्मा वर सरकवून म्हणाली, "बघू गं." तिने पाकीट उलटंसुलटं केलं आणि फाडलेल्या कडेतून आत डोकावली. बोट मात्र घातलं नाही, माझा चेहरा बघून तिला अंदाज आला असावा. "आत काहीच नाही की यात." मी म्हटलं, नसतंच, नुसतं पाकीटच असतं. "केवढ्याला पडलं?" मी मुद्दाम डॉलरमध्ये सांगितलं, पण तिचा हिशोब पक्का. थोडा वेळ तिने नुसत्या काड्या खुडल्या आणि मग म्हणाली, "म्हणजे पत्र ज्याचं त्याने ठेवून घेतलं, आणि तू हमालाला पैसे मोजलेस."

आई परत साताऱ्याला गेली, वाक्य इथेच राहिलं.

राग यावा असं ते नव्हतं, कारण ते खरं होतं. आम्ही हौशी मंडळी ज्याला वेस्टर्न एक्स्प्रेसची कव्हरं म्हणतो, ती म्हणजे १८४९ पासून पुढची काही दशकं कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या खाणींतून खाजगी कंपन्यांनी ने-आण केलेल्या पत्रांची पाकिटं. लिहिलं कुणी, कुणाला, काय, यावर त्यांची किंमत क्वचितच ठरते. ती ठरते नेणाऱ्याच्या शिक्क्यावर. त्या दुपारी आलेलं पाकीट पॅसिफिक एक्स्प्रेस कंपनीचं होतं. उजव्या कोपऱ्यात तीन सेंटांच्या छापील तिकिटाचा लाल, उठावाचा वॉशिंग्टन, बोट हलकेच फिरवलं तर त्याचा गाल लागतो. कंपनीच्या शिक्क्यात घोडा चौखूर उधळलेला आणि वर स्वार. शिक्का मारणाऱ्याचा हात एका बाजूला जास्त पडला असणार, कारण घोड्याचे मागचे पाय गच्च भरलेत आणि तोंडाशी शाई पोचलेलीच नाही. पत्ता सॅन फ्रान्सिस्कोचा, शाई गंजासारखी तपकिरी झालेली. कड सुरीने कापलेली नाही, बोटाने टरकावलेली आहे. कुणाला तरी घाई होती.

घाई का नसेल? सोनं सापडलं जानेवारी १८४८ मध्ये, आणि पुढच्या वर्षी तिथे जग लोटलं. सरकारी टपाल पनामामार्गे बोटीने सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत यायचं आणि तिथेच तुंबायचं. डोंगरात पोस्ट ऑफिस नव्हतं, आणि असतं तरी कुठल्या गावात ठेवणार? खाणकामगार आज या ओढ्यावर, तर पुढच्या महिन्यात पलीकडच्या खोऱ्यात. बोट दिसली की टेलिग्राफ हिलवरच्या खांबाचे हात वर जायचे, आणि शहरातल्या पोस्टाबाहेर रात्रीपासून रांग लागायची. त्या रांगेतली जागा विकून कमाई करणारे महाभागही होते. जो डोंगरात गुडघाभर पाण्यात उभा राहून वाळू चाळतोय, त्याने आठवडाभराचं काम टाकून या रांगेत यायचं, आणि खिडकीपाशी पोचल्यावर ऐकायचं की तुझ्या नावाचं काही नाही!

अलेक्झांडर टॉड नावाच्या माणसाने १८४९ मध्ये हे ओळखलं. स्वतः खाणीत उतरून तब्येतीला झेपेना, तेव्हा त्याने वही काढली. नाव नोंदवायचा एक डॉलर. नावांची यादी घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोला जायचा, पोस्टातून पत्रं सोडवायचा आणि डोंगरात नेऊन द्यायचा. एका पत्राला औंसभर सोन्याची भुकटी घ्यायचा असं सांगतात, म्हणजे तेव्हाच्या भावाने १६ डॉलर. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पनामाची संयोगभूमी ओलांडून यायला ४० सेंट, आणि पुढच्या शे-सव्वाशे मैलांना १६ डॉलर. त्याची आणखी एक कथा सांगतात: त्याने एक जुनी होडी विकत घेतली, स्टॉकटनला न्यायचे म्हणून उतारूंकडून पैसे घेतले, आणि वल्ही त्यांच्याच हातात दिली. ही तिखटमीठ लावलेली असू शकेल, पण ज्याने पत्रामागे औंसभर सोनं घेतलं त्याच्या तोंडी शोभते खरी.

टॉडच्या मागोमाग वीस वाटांनी वीस जण निघाले. ग्रेगरी, बर्फर्ड, फ्रीमन, डाउनीव्हिल भागातला लँगटन, फेदर नदीच्या खोऱ्यातला व्हायटिंग. या व्हायटिंगने हिवाळ्यात घोडे बर्फात रुतायला लागले म्हणून घसरगाडीला कुत्रे जुंपले. काही कंपन्या म्हणजे एक माणूस, एक खेचर आणि एक रबरी नव्हे, पितळी किंवा लाकडी शिक्का, एवढाच पसारा. सॅन फ्रान्सिस्कोच्या लाँग व्हार्फ या धक्क्यावर चार्ल्स किंबॉल नावाचा वर्तमानपत्रं विकणारा इसम होता. तो इतका ओरडायचा की लोक त्याला ‘नॉइझी कॅरियर’ म्हणायला लागले, आणि त्याने तेच नाव शिक्क्यावर कोरून घेतलं. तो शिक्का असलेलं पाकीट मी एकदाच हातात धरलंय, काचेच्या पेटीतून काढून दिलेलं, मालकाची नजर माझ्या अंगठ्यावर. किंमत विचारायचं धाडस केलं नाही.

या सगळ्यात मोठी होती ॲडम्स अँड कंपनी. पत्रं न्यायची, सोनं न्यायची, सोनं ठेवूनही घ्यायची, म्हणजे बँकच. १८५२ मध्ये हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो मैदानात उतरले तरी पहिला नंबर ॲडम्सचाच होता. मग २३ फेब्रुवारी १८५५ उजाडला. पेज-बेकन ही पेढी आदल्या दिवशी बसली होती, लोक ठेवी काढायला धावले, आणि ॲडम्सची दारं जी बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाहीत. वेल्स फार्गोनेही दार लावून घेतलं होतं, पण हिशोब जुळवून काही दिवसांत उघडलं. एवढाच फरक. त्या चार दिवसांच्या फरकावर एक नाव आज बँकेच्या पाट्यांवर आहे आणि दुसरं आमच्यासारख्यांच्या अल्बममध्ये. ॲडम्सच्या डोंगरातल्या गुमास्त्यांनी हातपाय न गाळता नवी कंपनी काढली, तीच ही घोडेस्वाराची पॅसिफिक एक्स्प्रेस. तीही १८५७ मध्ये आटोपली.

आता गंमत बघा. वेल्स फार्गोने १८९५ पर्यंत पत्रं नेली, म्हणून त्यांची साधी पाकिटं आजही ढिगाने मिळतात, चांगल्या जेवणाच्या पैशात एखादं पदरात पडतं. जी कंपनी दोन वर्षांत बुडाली तिचं पाकीट महाग. जी पहिल्याच हिवाळ्यात गुंडाळली गेली तिचं त्याहून महाग. ज्या माणसाने शिक्का करून घेतला, गावोगाव जाहिरात केली आणि तीन महिन्यांत कर्जात बुडून निघून गेला, त्याच्या शिक्क्याची दोनच पाकिटं उरली असतील तर लिलावात माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. दुर्मीळ म्हणून आम्ही जे कौतुकाने दाखवतो, ते बहुतेक वेळा कुणाचं तरी दिवाळं असतं.

दर एप्रिलमध्ये विमानतळाजवळच्या बर्लिंगेमला वेस्टपेक्स नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे डीलर मंडळींची टेबलं, टेबलांवर बुटांच्या खोक्यांएवढे लांबट खोके आणि त्यात उभी रचलेली पाकिटं. पत्त्यांचा कॅट पिसावा तशी बोटं त्यावरून फिरतात. प्लॅस्टिकच्या आवरणांची सळसळ, कॉफी, जुन्या कागदाचा तो किंचित आंबूस वास. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे, गळ्यात भिंग. त्यांच्यात मी एकटी साडेपाच फुटी देशी बाई, तेव्हा पहिली काही वर्षं मला हमखास विचारायचे, भारतीय तिकिटं तिकडे आहेत हं, त्या कोपऱ्यात. हेतू चांगलाच असायचा. मलाही सिंध डाक आवडतं, आणि सिंधचा ब्रिटिश कमिशनर बार्टल फ्रेअर याने ती तिकिटं काढली तेही १८५२ सालीच, वेल्स फार्गोच्या जन्मसाली. पण ज्या रस्त्यावरून मी रोज ऑफिसला जाते त्याच रस्त्यावरून ही पाकिटं गेलीत, त्याची ओढ वेगळी. जुन्या सॅक्रामेंटोत जे स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हेस्टिंग्जची ती विटांची इमारत अजून उभी आहे, घोडेस्वारांकरवी टपाल नेणाऱ्या पोनी एक्स्प्रेसचं पश्चिमेकडचं टोक. तिच्यासमोर पार्किंग शोधताना मी कितीदा तरी वैतागले आहे.

एका म्हाताऱ्या संग्राहकाने मला भिंगाखाली बघायला शिकवलं. खोटी पाकिटं कशी बनतात? पाकीट खरंच असतं, तीन सेंटांचं अस्सल नेस्बिट, म्हणजे तिकीट वरच छापलेलं सरकारी पाकीट, जे स्वस्तात मिळतं. त्यावर दुर्मीळ कंपनीचा शिक्का नंतर मारतात. मग बघायचं ते हे, की शाई कागदाच्या धाग्यात मुरलीय की मळावर बसलीय, पत्त्याच्या अक्षरांच्या वरून गेलीय की खालून. इथला सगळा न्याय खुणांवर चालतो. वेल्स फार्गोच्या गाड्या लुटणारा ब्लॅक बार्ट अठ्ठावीस दरोडे घालून, कविता मागे ठेवून, हाती लागत नव्हता. १८८३ मध्ये त्याचा रुमाल पडला आणि त्यावरच्या धोब्याच्या खुणेने त्याला पकडून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या लाँड्र्या पालथ्या घालून गुप्तहेरांनी तो शोधला. भिंग घेऊन बसलं की मला हटकून तो रुमाल आठवतो.

त्या लाल वॉशिंग्टनबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण मला या सगळ्या विषयात ते सर्वांत गमतीचं वाटतं. पत्र नेणं ही सरकारची मक्तेदारी होती. खाजगी कंपन्यांनी ती उघड उघड मोडली, तेव्हा १८५२ च्या कायद्याने तोड काढली: पाकिटावरच छापलेलं सरकारी तिकीट असेल तर कुणीही न्या, आमची हरकत नाही. मग न्यूयॉर्कच्या नेस्बिटने अशी पाकिटं बनवली, आणि एक्स्प्रेस कंपन्या ती हजारोंनी विकत घेऊन त्यावर आपलं नाव छापून घ्यायला लागल्या. म्हणजे गिऱ्हाईक तीन सेंट सरकारला देणार, जे पाकिटाला हातही लावणार नाही, आणि वर कंपनीची मजुरी. लोकांनी कुरकुर न करता दिली. सरकार स्वस्त होतं, वेल्स फार्गो पोचवायची. पुढे गावोगाव पोस्ट ऑफिसं निघाली तरी माणसं सवयीने वेल्स फार्गोच्याच पेटीत पत्र टाकत राहिली. मुंबईतल्या आंगडियाकडे आजही जे जातं ते याच भरवशावर, पण तो विषय इथे नको.

आणि पुढे या लाल वॉशिंग्टननेच घात केला. तिकिटं गोळा करणाऱ्यांची जुनी पद्धत म्हणजे पाकिटाचा तेवढा चौकोन कापून घ्यायचा, बाकीचं केराच्या टोपलीत. किती फ्रीमन आणि लँगटन त्या टोपल्यांतून गेले असतील, सांगता येत नाही. आमच्या घरी तरी काय वेगळं होतं? आजोबांच्या माजघरात दाराआड एक लोखंडी तार लोंबायची, खाली लाकडाची चकती, आणि त्यात आलेलं प्रत्येक पत्र टोचलेलं. पत्र जपायचं, पाकीट नाही. पाकीट उभं चिरून उलगडायचं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी किंवा दुधाचा हिशोब. तिकीट माझा मोठा मावसभाऊ पाण्याच्या वाटीत भिजवून काढायचा. पावसाळ्यात त्या तारेचा गंज पत्रांच्या मधोमध उतरायचा, त्यामुळे काकांच्या बढतीच्या बातमीला आणि आत्याच्या बाळंतपणाच्या बातमीला एकाच जागी एकच तपकिरी भोक. आईचा जन्म त्या घरातला नसला तरी संसार त्याच घरातला. पाकिटात पत्र नाही म्हणजे काय उरलं, असं तिला वाटणारच.

आणि खरं सांगायचं तर पाकिटं उरली ती तरी का? बहुतेक वेळा व्यापाऱ्यांमुळे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सलिव्हन अँड कॅशमन या पेढीच्या नावाची पाकिटं इतकी सापडतात की खोक्यात हात घातला की एखादं हाताला लागतंच. डोंगरातले दुकानदार माल मागवायचे, पेढी पाकिटांसकट कागद बांधून ठेवायची, गठ्ठे माळ्यावर पडून राहायचे. ज्या पत्रासाठी कुणी रात्रभर रांगेत उभं राहिलं असेल, ते पत्र त्याने खिशात ठेवलं, घामाने भिजवलं, घड्यांवर फाटेपर्यंत वाचलं. ते कसं उरणार? उरलं ते बटाटे, खिळे आणि ब्रँडीच्या मागणीचं. आम्ही अल्बममध्ये घोडेस्वार बघून उसासे टाकतो, आणि बहुधा ते पाकीट असतं ‘मागच्या खेपेचं पीठ किडकं निघालं’ असल्या तक्रारीचं.

पोनी एक्स्प्रेसची गोष्ट जरा वेगळी. ३ एप्रिल १८६० ला सुरू झालेली, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तार जोडली गेली आणि खेळ खलास. अठरा-एकोणीस महिने. मिझुरीतल्या सेंट जोसेफपासून सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे १,९०० मैल, दहा दिवसांत. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर, शिवाय सरकारी तिकिटाचं पाकीट वेगळं, म्हणजे तीच गंमत इथेही. चालवणाऱ्यांचं दिवाळं निघालं, नाव अजरामर झालं. उरलेल्या पाकिटांची मोजदाद झालीय, ती अडीचशेच्या आसपास भरतात. त्यांच्या वाटेला जायची माझी ऐपत नाही, पण लिलावाच्या कॅटलॉगमधली चित्रं बघायला पैसे पडत नाहीत.

त्यातलं एक चित्र मी फार वेळ बघत बसते. १८६० च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून निघालेली एक थैली वाटेत नाहीशी झाली आणि खूप उशिरा सापडली. तिच्यातली पत्रं १८६२ मध्ये पुढे गेली. पाकिटावर कुणीतरी हाताने लिहिलंय की इंडियन लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, १८६० मध्ये चोरलेल्या टपालातून हे परत मिळालं. त्या एका ओळीने पाकिटाचं मोल कुठल्या कुठे चढलं. चोरलेल्या, असं लिहिणाऱ्याने बिनदिक्कत लिहिलं. त्याच १८६० च्या मे महिन्यात नेवाडातल्या पिरॅमिड लेकजवळ तिथल्या मूळच्या पायूट लोकांची गोऱ्यांशी लढाई झाली होती. त्यांच्या शिकारीच्या आणि कंदमुळांच्या जागांवरून घोडे, ठाणी आणि खाणवाले फिरत होते, आणि टपालाची ठाणी पाण्याच्याच जागी बसवलेली होती. कॅटलॉगमध्ये यातलं काही नसतं. तिथे असतो शिक्क्याचा रंग, कडांची स्थिती आणि आधीच्या नामवंत मालकांची यादी. मलाही आधी नुसता थरारच वाटला होता, घोडा, वाळवंट, हरवलेली थैली. दुसरं सगळं नंतर वाचनात आलं, आणि आता ते दोन्ही एकमेकांत कालवलं गेलंय. वेगळं करता येत नाही.

त्या जुन्या खाणींच्या भागातून जाणाऱ्या हायवे ४९ वरून जाताना असंच होतं. गावांची नावं वाचूनच माणूस हरखून जातो: रफ अँड रेडी, यू बेट, यँकी जिम्स, फिडलटाउन, टिंबक्टू. प्लेसरव्हिलला पूर्वी हँगटाउन, म्हणजे फाशीचं गाव, म्हणायचे आणि त्याचं त्यांना आजही कौतुक आहे. मुलं आइस्क्रीम खातात, मी जुन्या इमारतींच्या पाट्यांवर एक्स्प्रेसवाल्याचं ऑफिस कुठे होतं ते शोधते. पण याच डोंगरात १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिन्याला २० डॉलर कर बसवला होता, आणि तो कुणाकडून वसूल झाला आणि कुणाला सुटला ते सांगायला नको. पुढे कर बदलला, कमी झाला, आणि चिन्यांच्या मानगुटीवर बसला. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे वाचताना जरा ओळखीचं वाटतं.

कंपन्यांना मात्र चिनी गिऱ्हाईक हवं होतं. वेल्स फार्गोने १८७८ मध्ये चिनी दुकानांची दोन्ही लिप्यांतली सूचीच छापली. उभ्या चिनी अक्षरांत पत्ता लिहिलेली वेल्स फार्गोची पाकिटं अधूनमधून विक्रीला येतात. असं एक माझ्याकडे आहे, कड कातरलेली, डाग पडलेला, म्हणून परवडलं. शेजारच्या चिनी बाईंना दाखवलं तर त्यांनी भिंग मागितलं, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाल्या, दुकानाचं नाव आहे, जुन्या वळणाचं. मग कातरलेल्या कडेपाशी थांबून म्हणाल्या, माणसाचं नाव इथे असणार. तेवढाच भाग कुणीतरी पाकीट नीटस दिसावं म्हणून कापून टाकला होता.

या वर्षी प्रदर्शनात एक चौकट मांडायचं ठरवलंय, सोळा पानं. रीत अशी की वर कंपनीचं नाव, खाली शिक्क्याचा प्रकार, मग मार्ग आणि दर, आणि पत्ता वाटल्यास बारीक टाइपात. मी उलटं करून बघितलं. वर ज्याला पत्र आलं त्याचं नाव, मग गाव, आणि कंपनी सगळ्यात शेवटी. भिंग शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला दाखवलं. त्याने शांतपणे सगळी पानं बघितली आणि म्हणाला, परीक्षक मांडणीचे गुण कापतील. कापणारच. पॅसिफिक एक्स्प्रेसच्या पाकिटावरचं नाव मी त्याच्या आधीच टाइप करून चिकटवलंय, तो घोडा खाली दौडतोय. अडलंय ते सलिव्हन अँड कॅशमनच्या पानावर. त्यांच्या नावाची एवढी पाकिटं साठलीत की कुठलं ठेवावं आणि कुठलं काढावं, तेच ठरत नाही, आणि मार्चअखेर पानं द्यायची आहेत.